बंपराचाच रंग काहून निंगते?

प्रश्न : संत्र्याच्या मंडीत गाडी वळवतांना कॅरेटच्या थप्पीले मागचा बंपर घासला. हातभर पट्टा उमटला. आता त्या पट्ट्याच्या कडेनं रंग पापुद्रे धरून निंगू राह्यला. याच गाडीच्या दाराले मांगं वावराच्या फाटकाचा खिळा लागला होता. तिथं रेघ हाये तशीच हाये, रंग काही सुटला नाही. मंग बंपराचाच रंग काहून निंगते? हा बंपर आधी एकदा रंगवेल हाये. पेंटर म्हणते पुरा बंपर मारा लागते, जवाई म्हणतात टूथपेस्ट लावा, दुकानदार टचअपचा पेन दाखोते. कोणाचं आयकू? घरी फवारणीचा पंप हाये, त्यानं मारला तं जमन काय?
– एक बागायतदार, वरूड

उत्तर : ‘आधी एकदा रंगवेल हाये’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळी मेख तिथेच आहे. कंपनीतून आलेला रंग घासला तर ओरखडा पडतो, फार खोल गेला तर आतलं काळं प्लास्टिक दिसतं. पण तो सहसा पापुद्रे धरत नाही. पापुद्रे धरतो तो नंतर कोणीतरी घाईत मारलेला रंग. कॅरेटने फक्त त्याची कड उघडी केली. मग त्या फटीत धूळ गेली, पाणी गेलं, धुलाई सेंटरच्या झोताने उरलेलं काम केलं. पकड तिथे मुळातच नव्हती.

ती का नव्हती, हे समजायला गाडीखाली वाकावं लागेल. बंपरच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून पाहा. रोमन अक्षरांत एक ठसा सापडेल : पीपी, त्यापुढे ईपीडीएम, आणि बहुधा टी २० किंवा टीडी २० असं काहीतरी. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक, ईपीडीएम हे त्यात मिसळलेलं रबर, आणि टी २० म्हणजे २० टक्के शंखजिरे. रबरामुळे बंपर दबून पुन्हा वर येतो, शंखजिऱ्यामुळे त्याला कणखरपणा येतो. आता गंमत अशी की ज्या कॅरेटने तुमचा बंपर घासला, तेही ह्याच कुळातल्या प्लास्टिकचं. कॅरेटवर ऑइलपेंटने आपलं नाव लिहा आणि वाळल्यावर नखाने खरवडा. अख्खं अक्षर सालपटासारखं हातात येईल. ह्या प्लास्टिकचा पृष्ठभाग तेलकट स्वभावाचा असतो. रंग, गोंद, चिकटपट्टी कोणालाच तो धरून ठेवत नाही.

दाराची गोष्ट वेगळी. पत्र्याची बॉडी कारखान्यात रंगाच्या हौदात बुडवतात, विजेच्या प्रवाहाने अस्तर तिच्या कानाकोपऱ्यांत बसवतात आणि मग १७०-१८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजून काढतात. वरचे थरही १४० अंशांच्या आसपास भाजले जातात. बंपरला हे लाड परवडत नाहीत, कारण पॉलिप्रोपिलीन १६० अंशांच्या सुमारास वितळतं. म्हणून बंपर बॉडीपासून वेगळा, पुष्कळदा दुसऱ्याच कंपनीच्या कारखान्यात रंगतो आणि ८० अंशांच्या आसपास वाळतो. रंगवण्याआधी त्याच्यावरून यंत्राच्या हाताने ज्योत फिरवतात. ज्योत क्षणभरच लागते. प्लास्टिक वितळत नाही, पण वरच्या कातडीत हवेतला ऑक्सिजन बसतो आणि रंगाला धरायला जागा होते. कुठे ज्योतीऐवजी, तर कुठे तिच्या जोडीला ‘अ‍ॅढेशन प्रमोटर’ नावाचं पातळ द्रव्य मारतात. क्लोरीन जोडलेलं, प्लास्टिकच्याच जातीचं हे द्रव्य एका बाजूने प्लास्टिकला धरतं आणि दुसऱ्या बाजूने रंगाला.

गावातल्या गॅरेजमध्ये ज्योत फिरवायचं यंत्र नसतं. प्लास्टिक प्रायमरचा डबा मात्र मिळतो, आणि नेमका तोच वाचवला जातो. बंपर पॉलिश पेपरने दोन हात घासला, थिनरचं फडकं मारलं, पत्र्याचाच प्रायमर ओढला, वर रंग. गाडी गॅरेजमधून चकचकीत बाहेर पडते, म्हणून मालक खूश. पापुद्रे सुटेपर्यंत पेंटरही हिशेब विसरलेला असतो. बाजारातून आणलेला नवा, कंपनीबाहेरचा बंपर असेल तर आणखी एक विघ्न : साच्यातून तो सुटून यावा म्हणून साच्याला लावलेलं तेलकट द्रव्य त्याच्या अंगावर तसंच असतं. ते साबणाने आणि ग्रीस काढणाऱ्या द्रव्याने धुतलं नाही, तर वरचा रंग कितीही महाग असो, तो त्या तेलावर बसतो, बंपरवर नाही.

खरं तर आपण सगळ्यांनी मिळून हा ताप ओढवून घेतला आहे. अ‍ॅम्बेसेडरचा किंवा कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा बंपर लोखंडी होता, वर क्रोमचा मुलामा. आदळला तर ठोकून सरळ करायचा. १९७२ मध्ये फ्रान्सच्या रेनो ५ या गाडीने प्लास्टिकचे बंपर आणले, आणि पुढे सगळ्याच गाड्यांना ते आले. जुन्या मारुती ८०० चे काळे बंपर आठवा. त्यांना घासल्याचं कोणी मनाला लावून घेत नसे. मग बंपरही गाडीच्याच रंगाचा हवा असा सोस आला. धक्के खाण्यासाठी जो भाग लावला, त्यालाच सगळ्यात नाजूक कपडे घातले.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे वळू.

जवाईबापूंची टूथपेस्ट अगदीच टाकाऊ नाही, पण तुमच्या दुखण्याला ती लागू नाही. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, म्हणजे ते सौम्य रबिंग कंपाउंडच. रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक क्लिअरचा थर असतो, तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बारीक. ओरखडा तेवढ्यातच असेल तर घासून जातो. ओळखायची रीत सोपी : ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर रबिंगने भागेल. अडकलं तर घासून फक्त क्लिअर उतरेल, रेघ तिथेच राहील. मात्र एक पाहून घ्या. पुष्कळदा आपण ज्याला ओरखडा समजतो तो आपल्या रंगावर बसलेला दुसऱ्याचा रंग असतो. भिंतीचा चुना, दुसऱ्या गाडीचा लाल पट्टा, कॅरेटच्या प्लास्टिकचा डाग. तो रबिंगने निघतो आणि मूळ रंग खाली शाबूत सापडतो. तुमच्या हातभर पट्ट्यातलाही काही भाग असाच निघावा.

पेनाचं काम खड्यांच्या टिचक्यांपुरतं. ट्रॉलीच्या चाकाखालून उडालेल्या गिट्टीने मुगाएवढा रंग उडाला, तर तिथे काडीच्या टोकाने पातळ थर, तो वाळला की दुसरा. हातभर पट्ट्यावर पेन फिरवलात तर लांबूनच शाई सांडल्यासारखं दिसेल.

पेंटर अर्धा बरोबर आहे. रंग पुऱ्या बंपरला लागत नाही, क्लिअर मात्र कडेपर्यंत न्यावा लागतो. चांगला कारागीर घासलेल्या जागेत रंग भरतो, त्याची कड आजूबाजूला विरत नेतो आणि शेवटी क्लिअर अख्ख्या बंपरवर मारतो. क्लिअर मध्येच तोडला, तर तो जोड पहिले काही महिने दिसत नाही. पुढे ऊन आणि धुलाई खाऊन तिथे रेघ उगवते. पण तुमच्या बाबतीत जुना रंगच सुटतो आहे, त्यामुळे आधी तो किती सुटलेला आहे हे तपासलं पाहिजे. कडेला चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर येत राहिला तर जिथे थांबतो तिथपर्यंत उतरवावाच लागेल, आणि बहुतेक तो पुऱ्या बंपरवरून उतरेल. दुसरी परीक्षा पेंटरच्या हातची : बंपरच्या आतल्या न दिसणाऱ्या कडेला थिनरचं फडकं घासायचं. फडक्याला रंग लागला तर आधीचा रंग हार्डनर नसलेला, हलका आहे. त्यावर नवा रंग मारला तर नव्यातला थिनर जुन्याला उचलतो आणि सगळं सुरकुततं. मग उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

पेंटरशी बोलताना रंगाच्या कंपनीवरून घासाघीस करू नका. खाली काय मारणार, ते विचारा. साबणाने धुणार का? घासून झाल्यावर पुन्हा ग्रीस काढणार का? उघड्या प्लास्टिकवर प्लास्टिक प्रायमर मारणार का, आणि डब्यावर दिलेल्या वेळेत त्यावर पुढचा थर चढवणार का? खोल खाच भरायला प्लास्टिकची लवचीक लांबी आणणार की पत्र्याची? हा शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार मोलाचा. पॉलिप्रोपिलीन उन्हात पत्र्याच्या कितीतरी पट फुगतं आणि थंडीत तितकंच आक्रसतं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि जानेवारीच्या पहाटे अंगावर घोंगडं. पत्र्याची कडक लांबी ह्या ओढाताणीत वाकत नाही. ती तडकते, आणि वरचा रंगही तडकतो. घासण्याची घाईही नको. कोरड्या मशीनने जोरात घासलं की हे प्लास्टिक तापतं, त्याचे तंतू उभे राहतात आणि कितीही रंग मारला तरी ती लव वरून दिसते.

बंपर आत दबला असेल तर लांबीच्या आधी उकळतं पाणी ओतून पाहा. प्लास्टिक नरम झालं की आतून ढकलल्यावर खोलगट भाग पुष्कळदा आपसूक वर येतो. हातमोजे घालूनच हे करा.

आता शेडबद्दल. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण काम झाल्यावर तुमचं आणि पेंटरचं भांडण ह्याच्यावरूनच होईल. शेडचा कोड दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. मारुतीच्या साध्या पांढऱ्याचा २६यू, सिल्की सिल्व्हरचा झेड२एस, असे. कोडवरून मिश्रण बनतं, पण गाडी उन्हात जुनी झालेली असते आणि रंग डब्यात नवा असतो. शिवाय नव्या गाडीतही बंपर आणि त्याला लागून असलेला फेंडर ह्यांत एखादा बारीक फरक असतोच; दोन कारखाने, दोन तापमानं, खाली दोन वेगळे पदार्थ. शोरूमच्या दिव्यांत तो कोणी पाहत नाही. बंपर रंगवून आणला की मात्र आपण भिंग घेऊन बसतो.

साधा पांढरा त्यातल्या त्यात दयाळू. चंदेरी, राखाडी, सगळ्या मेटॅलिक रंगांत अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, आणि रंग ओला बसला की कोरडा ह्यावर त्या कशा पडतात ते ठरतं. ओला, जाड हात मारला तर शेड गडद येते. हवेतच अर्धा वाळून बसला तर चकत्या वरच आडव्या पडतात आणि शेड फिकी येते. म्हणजे डबा तोच, पेंटर तोच, तरी वैशाखातल्या दुपारी मारलेला चंदेरी रंग जानेवारीत मारलेल्यापेक्षा उजळ निघू शकतो. म्हणून चांगला पेंटर आधी एका पत्र्याच्या तुकड्यावर फवारून तो गाडीशेजारी धरतो, तोही उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे. तुमचा पेंटर हे करत असेल तर त्याला पाच-दहा टक्के जास्त देऊन टाका.

हंगामाचंही असंच. उन्हाळ्यात थिनर बंदुकीपासून बंपरपर्यंतच्या वाटेतच उडून जातो. थेंबांना पसरून एकजीव व्हायला वेळ मिळत नाही आणि पृष्ठभाग बारीक खड्ड्याखड्ड्यांचा राहतो. जगभरचे पेंटर ह्या दोषाला ‘ऑरेंज पील’ म्हणतात. संत्र्याच्या साली पाहत वाढलेल्या वरूडकराच्या नजरेतून तो सुटायचा नाही. उपाय आहेत : उन्हाळ्यासाठी सावकाश उडणारा थिनर, बंदुकीचा योग्य दाब, सकाळची वेळ. पावसाळ्यात उलटं, हवेतली ओल ताज्या रंगावर बसते आणि तो दुधाळ, पांढुरका पडतो. त्यामुळे आपल्याकडे ह्या कामाला दिवाळीनंतरचे, होळीआधीचे दिवस उत्तम. आणि थांबायला हरकत काहीच नाही, कारण प्लास्टिक गंजत नाही. गंमत अशी की ज्या दाराच्या रेघेकडे तुम्ही कानाडोळा केलात, तिचीच खरी घाई आहे. खिळा पत्र्यापर्यंत पोचला असेल तर तिथे तपकिरी ठिपका दिसतो का, ते आजच पाहा. आंबिया बहाराची तोडणी होईस्तोवर बंपर खुशाल तसाच फिरवा. सुटलेल्या कडेवर चिकटपट्टी मारून ठेवा आणि धुलाई सेंटरवाल्याला झोत तिथे मारू देऊ नका.

राहिला फवारणीचा पंप. नको. बागेच्या पंपाचं नोझल पानं भिजवायला बनवलेलं असतं; त्याचे थेंब रंगाच्या बंदुकीच्या तुषारांपेक्षा कितीतरी मोठे. बंपरवर ओघळ येतील, आणि टाकीत उरलेला औषधाचा अंश रंगाला जागोजागी खड्डे पाडेल. त्याहून मोठी गोष्ट वेगळीच. आताच्या टिकाऊ रंगांत, ज्यांना गॅरेजमध्ये पीयू किंवा टू-के म्हणतात, हार्डनर मिसळावा लागतो आणि त्यात आयसोसायनेट ही रसायनं असतात. त्यांचे तुषार श्वासात गेले की दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोडासा वासही झेपत नाही. तोंडाला दुपट्टा गुंडाळणं ह्याला पुरत नाही. कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा हवीच. तुमच्या गॅरेजमधला पोरगा दुपट्ट्यावर भागवत असेल तर एक मास्क तुम्हीच नेऊन द्या.

प्रश्न : डिंक्यासाठी बोर्डो मारताना शेजारी उभ्या गाडीवर निळसर ठिपके उडाले. पुसल्यावर बंपर खरखरीत झाला. काय करावं?
– मोर्शी

उत्तर : कोरडं पुसलंत तिथेच घोटाळा झाला. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. वाळल्यावर चुन्याचे कण घासकागदाचं काम करतात. आता आधी भरपूर पाणी, मग साबण. त्यानेही न निघणाऱ्या ठिपक्यांवर पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर लावा. चुना आणि तांबं त्यात विरघळतं. लगेच धुऊन टाका, उन्हात वाळू देऊ नका. उरलेल्या खरखरीला रबिंग. पुढच्या वेळी फवारणीआधी गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला लावा.

प्रश्न : बंपरच्या रंगकामासाठी विमा वापरावा का?
– अचलपूर

उत्तर : हिशेब मांडून ठरवा. समजा रंगकामाचं एकत्रित बिल ६,००० रुपये झालं. साध्या पॉलिसीत अशा बिलाचा २५ टक्के भाग, म्हणजे १,५०० रुपये, रंगसामानाचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा कापतात; गेले ७५० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला आणखी १,००० रुपये आपल्या खिशातून भरावे लागतात, त्यावरच्या गाडीला २,०००. म्हणजे लहान गाडीच्या हाती येणार ४,२५०. बंपरच बदलला तर प्लास्टिकच्या सुट्या भागावर घसारा ५० टक्के. झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतली असेल तर हा घसारा वाचतो, पण खिशातली रक्कम वाचत नाही.

दुसऱ्या पारड्यात नो क्लेम बोनस ठेवा. एक वर्ष दावा न करता गेलं की गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनंतर ५०. एक दावा केलात की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. चौथ्या-पाचव्या वर्षात असाल तर नुसत्या रंगासाठी दावा बहुधा अंगाशी येतो. दिवा, रडार, आतला लोखंडी बीम असं काही सोबत गेलं असेल तर मात्र संकोच करू नका.

प्रश्न : ह्या कटकटीपेक्षा बंपरसमोर लोखंडी गार्डच बसवला तर?
– शेंदुरजना घाट

उत्तर : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितलं आहे, परवानगीविना गाडीच्या रचनेत बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जातं. कायदा बाजूला ठेवला तरी गार्ड चासीला बोल्टने आवळलेला असतो. धडकेत प्लास्टिक आणि त्यामागचा बीम चुरगळून जो धक्का पचवतात, तो गार्डमधून सरळ चासीवर जातो आणि एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते. पायी चालणाऱ्याच्या पायांना तर लोखंडच लागतं. आणि रंग तरी कुठे वाचतो? हादऱ्यांनी गार्डची पकड सैल होते, तो बंपरवर घासू लागतो, आणि आत साचलेल्या मातीआड ते वर्षभर कोणाला दिसत नाही. पार्किंगमध्ये घासण्याचीच भीती असेल तर बंपरच्या कोपऱ्यांना पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लावून घ्या. ती ओरखडे स्वतःवर घेते आणि खराब झाली की सोलून नवी लावता येते. मात्र आधी बंपरचा रंग पक्का आहे ना, हे चिकटपट्टीने तपासून घ्या. नाहीतर फिल्म सोलताना रंगही तिच्याबरोबर येईल.